रेड क्रॉस: सरकारी की खासगी? सातारा-सांगलीच्या निमित्ताने

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: ‘रेड क्रॉस या स्वयंसेवी संस्थेने सातारा व सांगली जिल्ह्यांत केलेले आपत्ती निवारण कार्य.’ गाईड मॅडमनी ‘स्वयंसेवी’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, “जिल्ह्यात तिचा अध्यक्ष कोण असतो?” मला सांगता येईना. “जिल्हाधिकारी,” त्या म्हणाल्या. “राज्यात राज्यपाल, देशात राष्ट्रपती. आता सांग, ही स्वयंसेवी कशी? आणि सरकारी म्हणत असशील, तर सरकारने स्वतःचं मदतीचं खातं असताना ही दुसरी संस्था कशाला ठेवली?”

त्या एका रेघेने माझे तीन-चार महिने खाल्ले. पण तुमच्यापैकी जे पेट देऊन विषय शोधत आहेत, संस्थांचा इतिहास, आपत्ती, सार्वजनिक आरोग्य असं काही करायचं म्हणत आहेत, त्यांना हा प्रश्न उपयोगी पडेल म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. कारण संस्था सरकारी की खासगी हे ठरवल्याशिवाय कागद कुठे शोधायचे हेच कळत नाही. आणि त्यातूनच पुढचा, जास्त अवघड प्रश्न निघतो: मदत कोणाला मिळाली, हे कोणी ठरवलं?

उरलेल्या पैशांचं काय करायचं?

आपल्या डोक्यात रेड क्रॉसचं चित्र पूर, भूकंप, रक्तपेढी, पांढरी गाडी असं असतं. भारतातल्या संस्थेची सुरुवात मात्र एका हिशेबाच्या प्रश्नातून झाली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी लोकांकडून पैसा आणि वस्तू गोळा केल्या जात होत्या. सेंट जॉन आणि ब्रिटिश रेड क्रॉस यांची संयुक्त युद्ध समिती भारतात हे काम बघत होती. १९१७ च्या अखेरीस ‘अवर डे’ नावाने देशभर मोठी वर्गणी झाली. युद्ध संपलं, निधी शिल्लक राहिला. तो कोणी सांभाळायचा आणि कशावर खर्च करायचा, यासाठी १९२० चा पंधरावा कायदा आला. सर क्लॉड हिल यांनी विधेयक मांडलं, मार्चमध्येच ते मंजूर झालं आणि इंडियन रेड क्रॉस सोसायटी जन्माला आली. कायद्याची प्रस्तावना वाचून बघा. युद्धकाळात जनतेने दिलेल्या पैशांची आणि भेटींची पुढची व्यवस्था, हाच तिचा मुख्य विषय आहे.

आता साताऱ्याचा यात काय संबंध? संबंध थेट आहे. सातारा हा पलटणींना माणसं देणारा जिल्हा. अपशिंगे या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात मारले गेले. आजही गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात आणि गावात त्याची स्मृतिशिला आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर गेलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ही फौज अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. त्या मोहिमेत जखमींच्या उपचाराची व्यवस्था इतकी कोलमडली की चौकशी आयोग नेमावा लागला. १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला. सैन्याची वैद्यकीय यंत्रणा पुरी पडत नाही, तिला बाहेरून हात लागतो, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

म्हणजे आपल्या भागाचा आणि रेड क्रॉसचा पहिला संबंध कृष्णेच्या पुरातून आला नाही. गावातून दूर गेलेल्या आणि परत आलेल्या (किंवा न आलेल्या) सैनिकांतून तो आला.

यादीत आधी क्षयरोगी, मग बाळ

१९२० च्या कायद्याला एक परिशिष्ट आहे. निधी कशावर खर्च करता येईल याची ती यादी. पहिलं नाव सैनिकांचं, सेवेत असलेल्या आणि सेवेतून सुटलेल्या दोघांचं. दुसरं क्षयरोग्यांचं, आणि त्यातही प्राधान्य सैनिकांना. तिसरं बालकल्याण. पुढे रुग्णालयांना लागणारे कपडे शिवणारी मंडळं, परिचर्या, आरोग्यसेवा वगैरे. या क्रमात संस्थेचा पुढचा रस्ता दिसतो: युद्धातून आजाराकडे, आजारातून घराकडे.

हे फक्त भारतात घडत नव्हतं. १९१९ मध्ये निरनिराळ्या देशांच्या रेड क्रॉस संस्थांनी एकत्र येऊन लीग स्थापन केली. युद्धासाठी उभी केलेली माणसं आणि साधनं शांततेच्या काळात आरोग्यासाठी वापरायची, ही तिच्यामागची कल्पना. त्याच्या आदल्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई इलाख्यासकट अर्धं जग हादरलं होतं, त्यामुळे ही कल्पना कोणाला पटवून द्यावी लागली नाही. १९२४ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशभर शिशुसप्ताह झाला. सुईणींचं प्रशिक्षण, हेल्थ व्हिजिटर, बाळाला अंघोळ कशी घालावी याची प्रात्यक्षिकं, ही सगळी त्या काळातली कामं. पुढे, १९३१ मध्ये, माता-बालसंगोपनाचं काम करणारे निधी रेड क्रॉसच्या छत्राखाली एका ब्युरोत आणले गेले.

इथे नवख्या संशोधकाची एक हमखास चूक होते. मीही केली. मी ‘रेड क्रॉस’ हे नाव शोधत बसले. पण परिशिष्टातलं कलम नीट वाचलं तर लक्षात येतं की संस्थेने सगळं स्वतः चालवावं अशी अपेक्षाच नव्हती. इतर मान्य संस्थांच्या कामाला पूरक मदत, असा तिथला सूर आहे. म्हणजे तिचं काम दुसऱ्यांच्या नावाखाली सापडणार.

मग आपल्या भागात हे ‘दुसरे’ कोण होते? मिरजेचं मिशन हॉस्पिटल हे सगळ्यात ठळक नाव. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये सांगलीत आले आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. क्षयरोग्यांसाठीचं सॅनेटोरियम जिथे झालं त्या जागेला आजही वानलेसवाडी म्हणतात. आणि संस्थांच्याही आधीची एक परंपरा आहे. साताऱ्याच्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगने गेल्या. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत तिथे दवाखाना चालवत होता. कोणताही कायदा, निधी, अध्यक्ष नसताना झालेलं हे काम. रेड क्रॉसचा इतिहास लिहिताना या परंपरांना ‘पार्श्वभूमी’ म्हणून एका परिच्छेदात उरकू नका. संस्था आली तेव्हा मैदान रिकामं नव्हतं. ती कोणाच्या शेजारी उभी राहिली, हा खरा मुद्दा आहे.

आधी नकाशा, मग अभिलेखागार

‘सातारा व सांगली जिल्हे’ असं मी सिनॉप्सिसमध्ये बिनधास्त लिहिलं होतं. पण १९२० साली सांगली नावाचा जिल्हाच नव्हता! वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हा सगळा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती. आटपाडी औंध संस्थानात, फलटण स्वतंत्र संस्थान. विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

याचा कामावर होणारा परिणाम साधा आहे. तासगावचा १९२५ चा कागद साताऱ्याच्या दप्तरात असणार. तिथून काही मैलांवरच्या मिरजेचा कागद संस्थानी आणि पोलिटिकल एजन्सीच्या कागदांत. आणि १९५५ चा कागद ‘दक्षिण सातारा’ या नावाखाली. म्हणून मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात जाण्याआधी एक कागद घ्या, तालुक्यांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर कोणत्या साली तो कोणाच्या कारभारात होता ते नोंदवा. एका संध्याकाळचं काम आहे. ते न केल्यामुळे माझा मुंबईचा पहिला आठवडा वाया गेला.

आणखी एक सावधगिरी. जुन्या फोटोत दवाखान्यावर लाल फुली दिसली की ‘ही रेड क्रॉसची शाखा’ असं समजू नका. कितीतरी डॉक्टर आणि औषधवाले ती खूण सर्रास वापरायचे, अजूनही वापरतात. खरं तर १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने तिच्या वापरावर बंधन आहे. फुलीवरून दवाखाना ओळखता येतो, संस्था नाही.

व्हिएन्ना १९६५, कोयना १९६७

आता पुन्हा मॅडमच्या प्रश्नाकडे. सरकारी की खासगी?

रेड क्रॉसचं स्वतःचं उत्तर १९६५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत सात मूलभूत तत्त्वांच्या रूपात आलं. त्यातली दोन आपल्याला महत्त्वाची. एक, निःपक्षपातीपणा: मदत फक्त गरज बघून द्यायची, आणि ज्याची गरज सगळ्यात निकडीची त्याला आधी. दुसरं, स्वातंत्र्य: राष्ट्रीय संस्था आपापल्या सरकारच्या मानवतावादी कामात साहाय्यक असतात, पण या तत्त्वांनुसार वागता येईल इतकी स्वायत्तता त्यांनी राखलीच पाहिजे. म्हणजे सरकारच्या शेजारी उभं राहायचं, पण सरकारच्या खिशात जायचं नाही. मॅडमना हवं असलेलं उत्तर हे होतं. ‘सरकारी’ चूक, ‘खासगी’ही चूक. ‘साहाय्यक’ हा तिसरा शब्द आहे आणि तो सांभाळणं फार अवघड आहे.

दोनच वर्षांनी पाटण तालुक्यात कोयनेचा भूकंप झाला. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगरमधली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. धरणाला भेगा गेल्या पण ते उभं राहिलं. दगड-मातीत बांधलेल्या भिंती मात्र झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. मृतांचा आकडा बहुतेक ठिकाणी १७७ सापडतो, काही ठिकाणी २०० च्या आसपास. जखमी दोन हजारांहून जास्त. दख्खनचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे असं तोवर मानलं जायचं. १९७० मध्ये देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशाच बदलावा लागला.

इथे एक गंमत (आणि सापळा) सांगते. परदेशी यादीत हा भूकंप शोधलात तर तारीख १० डिसेंबर दिसते. चूक कोणाचीच नाही. आपल्याकडे पहाटेचे ४:२१ होते तेव्हा ग्रीनिचला आदल्या रात्रीचे १०:५१ वाजले होते. वर्तमानपत्रं बघायची तर १२ डिसेंबरपासून बघा, कारण ११ ची आवृत्ती धक्क्याआधीच छापून झालेली. जिनिव्हाचे किंवा इतर परदेशी कागद बघताना १० तारीखही शोधा. एका दिवसाच्या फरकाने फाइल हातची जाऊ शकते.

पण आपला मुद्दा यादीचा आहे. डिसेंबरचे दिवस, घाटमाथ्याची थंडी, धक्के थांबत नाहीत, म्हणून लोक उघड्यावर. गरज कोणाची जास्त? कोयनानगर ही प्रकल्पाची वसाहत. तिथे काम करणाऱ्याचं नाव मस्टरवर होतं, क्वार्टरला नंबर होता. भोवतालच्या डोंगरातल्या वाडीवरच्या माणसाचं नाव कुठे होतं? जमिनीच्या कागदावर, जमीन नावावर असेल तर. धरणात जमीन गेली असेल तर तेही नाही. कोयनेवर संशोधन करणाऱ्याने मदतीची रक्कम शोधण्याआधी हे विचारावं: कोणत्या कागदावरून नावं उचलली?

दोन दिवस पाण्यात

हाच प्रश्न कृष्णाकाठी आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा आला. सांगलीत पूर मोजायचा तो आयर्विन पुलावर. १९२९ चा हा पूल, इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी ५४ फुटांच्या जवळ गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. बाहेरची मदत पोचेपर्यंत गाव स्वतःच्या हाताशी असेल त्या साधनाने माणसं काढत होतं. पहिली मदत नेहमी शेजाऱ्याचीच असते, आणि तिची नोंद सगळ्यात कमी होते.

त्याच आठवड्यात निघालेला एक शासन निर्णय तुम्हाला आठवत असेल. पूरग्रस्त कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत. अट अशी की घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात असलं पाहिजे. त्यावर भरपूर टीका झाली. पण टीका बाजूला ठेवून संशोधकाच्या नजरेने ती अट वाचा. प्रशासनाला मोजता येईल असं काहीतरी लागतं, आणि ‘दोन दिवस’ मोजता येतात. ‘भूक’ मोजता येत नाही. दीड दिवस पाण्यात राहिलेल्या घरातलं पीठ काही कोरडं राहत नाही, पण ते घर अटीत बसत नाही. जो भाड्याने राहतो, जो ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आला आहे, ज्याचं रेशनकार्ड दुसऱ्या गावचं आहे, त्याला तलाठ्याच्या पंचनाम्यात शिरायला आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो.

सरकारने नियम करणं चूक नाही. सरकारी पैसा नियमाशिवाय वाटता येत नाही. नेमकी इथेच ‘साहाय्यक’ संस्थेची जागा आहे: नियमात न बसणाऱ्या गरजेपर्यंत जाणं. पण जिल्ह्यात तिच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसणारी व्यक्ती आणि पंचनाम्यांवर देखरेख करणारी व्यक्ती एकच असेल, तर दुसरी यादी तयार होते का? की ताडपत्री, ब्लँकेट, भांड्यांचा संच हे सगळं पहिल्याच यादीवरून वाटलं जातं? या व्यवस्थेचा फायदाही आहे हे लक्षात ठेवा. जिल्हाधिकारी सोबत असेल तर गाडी, गोदाम, बोट, परवानगी तासाभरात मिळते. म्हणून मी आधीच निकाल देत नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघायच्या, एवढंच म्हणते.

मग काम कसं सुरू करायचं?

मला उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी.

पहिली, आपत्तीपासून सुरुवात करू नका. आपत्तीच्या वर्षी सगळेच लिहितात, छापतात, फोटो काढतात. मधली शांत वर्षं घ्या. त्या वर्षांत जिल्ह्यात प्रथमोपचाराचे वर्ग झाले का, सुईणींचं प्रशिक्षण झालं का, शाळांत ज्युनिअर रेड क्रॉस होतं का? पूर ओसरल्यावर लेप्टोच्या गोळ्या आणि क्लोरीन घेऊन घरोघरी जाणारी माणसं त्या वर्षी अचानक उगवत नाहीत. आधी कोणीतरी त्यांना घरं दाखवलेली असतात.

दुसरी, प्रत्येक कागदावर हे विचारा की सही कोणत्या नात्याने केली आहे. जिल्हाधिकारी म्हणून की शाखेचा अध्यक्ष म्हणून? माणूस एक, सही एक, पण कागद दोन वेगळ्या इतिहासांचे. नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना करा.

तिसरी, तोंडी मुलाखती घेताना ‘रेड क्रॉस आलं होतं का?’ असं विचारू नका. लोक म्हणतात, “कुणीतरी आलं होतं बाई, ब्लँकेट देऊन गेलं.” त्याऐवजी विचारा, “तुमचं नाव कोणी लिहून घेतलं? काय काय विचारलं?” देणारा कोण होता हे लोक विसरतात. आपलं नाव यादीत आलं की नाही, हे पन्नास वर्षांनीही विसरत नाहीत.

माझ्या सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: ‘सातारा व सांगली परिसरात शासकीय मदत आणि रेड क्रॉसची साहाय्यक मदत यांच्या लाभार्थी याद्यांचा तुलनात्मक अभ्यास.’ ‘स्वयंसेवी’ शब्द गेला. परवा मॅडमनी नवा मसुदा वाचला आणि पेन्सिल ‘लाभार्थी’ या शब्दाखाली टेकवली. “यादीत नसलेल्यांचं काय करणार?” त्यांनी विचारलं. पुढचं प्रकरण त्यावर आहे.